कनिकापिला

हवाई बेटांवर नातेवाईक, शेजारी आणि मित्रांनी जमून गाण्या-वाजवण्याची बैठक. हवाईयन भाषेत ‘कनी’ म्हणजे वाजणे आणि ‘पिला’ म्हणजे तंतुवाद्य. शब्दाचा एकूण रोख ‘वाजवा की आता’ असा. घरामागचे अंगण, गॅरेज, समुद्रकिनारा, बैठक कुठेही बसते. तिकीट नसते, गाण्यांची यादी नसते. जेवून नुसता ऐकायला टेकलेला पाहुणा तासाभराने शेजाऱ्याकडून युकुलेले (गिटारसारखे चार तारांचे छोटे वाद्य) मागून घेतो. वरवर सैल दिसणाऱ्या या बैठकीचे संकेत मात्र पक्के आहेत, आणि ते ठाऊक असले की न ऐकलेल्या गाण्यालाही साथ धरता येते.

वाद्ये बाहेरून आलेली आहेत. १७९३ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरने राजा पहिला कामेहामेहा याला गुरे भेट दिली. ती मारण्यावर बंदी घातल्याने कळप रानोमाळ वाढले आणि १८३० च्या दशकात त्यांना आवरायला मेक्सिकन गुराखी बोलवावे लागले. गिटार त्यांच्याबरोबर आली. (हवाईच्या गुराख्याला ‘पानिओलो’ म्हणतात, तो शब्द ‘एस्पान्योल’ म्हणजे ‘स्पॅनिश’ यावरून आला.) युकुलेलेचे पूर्वरूप १८७९ मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून होनोलुलूला उतरलेल्या मदेइराच्या पोर्तुगीज मजुरांनी आणले. मराठी श्रोत्याला ‘हवाईयन गिटार’ म्हटले की व्हॅन शिपले यांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवलेली गिटार आठवते: आडवी ठेवून तारांवर पोलादी कांब फिरवायची. ती पद्धत ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकू याच्या नावे सांगितली जाते. कनिकापिलात तीही असते, पण बैठकीचा कणा वेगळा : नेहमीसारखी हातात धरलेली, तारा ढिल्या केलेली गिटार, म्हणजे ‘की होआलू’.

गिटारची सर्वसाधारण जुळणी जाड तारेपासून ई-ए-डी-जी-बी-ई अशी असते. ‘टॅरो पॅच’ या सर्वाधिक प्रचलित जुळणीसाठी सहावी, पाचवी आणि पहिली या तीन तारा प्रत्येकी एक पूर्ण स्वर उतरवतात. होते डी-जी-डी-जी-बी-डी, जीला षड्ज मानले तर प-सा-प-सा-ग-प. डावा हात न लावता तारा छेडल्या तरी मेजर कॉर्ड, म्हणजे सा-ग-प यांचा एकत्र नाद, वाजते. अंगठा जाड तारांवर आलटूनपालटून ठेका धरतो आणि बाकीची बोटे बारीक तारांवर चाल काढतात. यातली तिसरी तार आणखी अर्धा स्वर उतरवली की ‘वाहिने’ जुळणी मिळते (वाहिने म्हणजे स्त्री): तिथे सा जाऊन शुद्ध नी येतो. सा हवा असेल तेव्हा तार मोकळी छेडून लगेच पहिल्या पडद्यावर बोट आपटायचे. ‘नी’वरून ‘सा’कडे सरकणारा तो छोटासा हेलकावा जाणत्याला दुरूनही ओळखू येतो.

तार ढिली करताना थेट हव्या स्वरावर थांबू नये. थोडी खाली नेऊन मग वर आणावी. नाहीतर खुंटीच्या दात्यांत सैलपणा राहतो आणि गाण्याच्या मध्येच तार उतरते. शिवाय एकूण ताण कमी झाला की उरलेल्या तारा किंचित चढतात, म्हणून सहाही तारा पुन्हा तपासाव्या लागतात. फार बारीक तारांचा संच या जुळणीत पडद्यांवर फडफडतो.

गाणे सुरू करणारा आधी पट्टी सांगतो, मग ‘वॅम्प’, म्हणजे कॉर्डचा ठरलेला छोटा तुकडा, वाजवतो. जीमध्ये तो असा : ए७ दोन मात्रा, डी७ दोन मात्रा, जी चार मात्रा. लय, पट्टी आणि शिरण्याची जागा, तिन्ही एवढ्यात कळतात. कडवे बहुधा दोन ओळींचे. ते झाले की पुन्हा वॅम्प. कोणी हुला हा हवाईचा पारंपरिक नाच करत असेल तर प्रत्येक कडवे दोनदा गातात. वॅम्प चालू असतानाच म्होरक्या पुढच्या कडव्याचे पहिले दोन-तीन शब्द पुकारतो. या पुकाराला ‘काहेआ’ म्हणतात. तो विसरला तर अर्धे लोक दुसरे कडवे गातात आणि अर्धे तिसरे. अनेक गाण्यांत शेवटचे कडवे ‘हाइना’ या शब्दाने सुरू होते. तो शब्द कानी पडला की बास (खर्जाचे तंतुवाद्य) वाजवणारा समारोपाच्या तयारीला लागतो.

गायकाची पट्टी हा नेहमीचा तिढा. टॅरो पॅचमध्ये बसलेल्या वादकाला ए हवी असल्यास दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावून भागते, सीसाठी पाचव्या. एफ मागितली तर सगळ्याच तारा आणखी एक स्वर उतरवणे भाग पडते. तोवर युकुलेलेवाले दुसरे गाणे उरकून घेतात. युकुलेले चार-पाच झाली आणि सगळी एकाच ठोक्यावर पडू लागली तर गिटारची चाल बुडते. आदर्श नाद ‘नाहेनाहे’, म्हणजे हळुवार आणि गोड. त्यामुळे जोरात वाजवणाऱ्याचे कौतुक होत नाही.

१८९६ च्या कायद्याने शाळांत इंग्रजी माध्यम सक्तीचे झाले. हवाईयन भाषेला पुन्हा राजभाषेचा दर्जा मिळायला १९७८ साल उजाडले. मधल्या काळात भाषा जिथे गायली गेली त्यांत ही अंगणे होती. ओआहूवरील वाइमानालो गावातले गिटारवादक गॅबी पाहिनुई (१९२१–१९८०) यांचे अंगण सर्वांत प्रसिद्ध. १९४६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले त्यांचे ‘हिइलावे’ हे गाणे आधुनिक की होआलूच्या आरंभीचे महत्त्वाचे मुद्रण. तरी पोटासाठी ते होनोलुलू महापालिकेच्या रस्तेदुरुस्तीच्या पथकात राबत. शनिवार-रविवार त्यांच्या घरी बैठक चाले आणि पुढे नाव कमावलेली कितीतरी तरुण मुले तिथे कोपऱ्यात बसून शिकली. एरवी घराण्यातल्या जुळण्या गुपित राखायची रीत होती; गिटार खाली ठेवण्याआधी काहीजण तारा मुद्दाम बिघडवून ठेवत. १९७३ मध्ये वादक केओला बीमर यांचे की होआलूच्या शिकवणीचे पुस्तक निघाले, तोवर ही गुप्तता बरीच सैलावली होती.

त्याच दशकात हवाई विद्यापीठाच्या खुल्या रंगमंचावर ‘कनिकापिला’ नावानेच मैफली होऊ लागल्या आणि गॅबींच्या निधनानंतर वाइमानालोत त्यांच्या नावाचा उत्सव भरू लागला. मंचावर एक अडचण हमखास येते. अंगणात सगळे गोल बसतात, म्होरक्याचे ओठ आणि डावा हात प्रत्येकाला दिसतो. मंचावर रांग झाली की टोकाच्या वादकाला कॉर्ड दिसत नाही. म्हणून खुर्च्या अर्धगोलात मांडायच्या आणि म्होरक्याला मधोमध बसवायचे.