शिंपल्यातली मादी ओळखणारा डॉक्टर

अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या नद्यांतले दोन शिंपले शेजारी ठेवले. एक लांबट, मागे निमुळता होत गेलेला. दुसरा आखूड, मागच्या कडेला टम्म फुगलेला. दोनशे वर्षांपूर्वीच्या अभ्यासकांनी अशा शिंपल्यांच्या सरळ दोन जाती ठरवल्या आणि दोन लॅटिन नावं देऊन टाकली. कवच वेगळं म्हणजे जात वेगळी, असा तेव्हाचा रिवाज होता. आतला मऊ जीव बहुतेकदा फेकूनच दिला जायचा.

जेरेड पॉटर कर्टलंड या डॉक्टरांनी नेमकं तिथेच, कवचाच्या आत, डोकावून पाहिलं. जन्म 1793 चा, कनेक्टिकटमधल्या वॉलिंगफर्डचा. आजोबा डॉक्टर आणि नातू त्यांच्याच घरी वाढलेला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात 1813 साली वैद्यकीय शिक्षण सुरू झालं तेव्हा कर्टलंड पहिल्याच तुकडीत होते. 1823 मध्ये ते ओहायोतल्या पोलंड या गावी गेले. दवाखाना सांभाळता सांभाळता आसपासच्या नद्यांतले शिंपले जमवू लागले, उघडू लागले.

फुगीर कवचातल्या जिवाच्या कल्ल्यांमध्ये अंडी सापडत होती, निमुळत्या कवचातल्याच्या नाही. म्हणजे या दोन जाती नव्हत्याच, नर आणि मादी होते! मादी आपली अंडी कल्ल्यांतच वाढवते. पिल्लांनी भरलेले कल्ले सुजतात, त्यांना जागा लागते, म्हणून कवच मागे फुगतं. कर्टलंड यांनी हे 1834 साली प्रसिद्ध केलं. सगळ्याच जातींत हा फरक इतका ठळक नसतो, पण जिथे असतो तिथे एकाच जातीला दोन नावं पडण्याचा धोका होता. स्वतः हौसेने ठेवलेली नावं पुसायची कोणाला आवडतात? हे गळी उतरायला वेळ लागला. मला मात्र यात डॉक्टरची सवय दिसते: वरची लक्षणं बघायची, पण निदान आत पाहूनच करायचं.

ते ओहायोच्या विधिमंडळातही होते, पुढे क्लीव्हलंडच्या मेडिकल कॉलेजचे एक संस्थापक झाले. 1851 मध्ये त्यांच्या शेतावर मिळालेल्या एका पिवळ्या पोटाच्या पक्ष्याला त्यांचं नाव मिळालं. 1877 मध्ये ते वारले.

यातले कितीतरी शिंपले आज दुर्मीळ झाले आहेत, काही तर कायमचे नाहीसे झाले. नदीत उतरलेले संशोधक शिंपला उचलतात, मागच्या कडेवरून बोट फिरवतात, नर की मादी ते वहीत टिपतात आणि न उघडताच तो होता तिथे वाळूत पुन्हा रोवतात.