टायटॅनियमच्या डबीपासून सीबीसीटीपर्यंत

दातांच्या इम्प्लांटची, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी जबड्यात बसवायच्या स्क्रूची, सुरुवातच मुळी हाडाच्या आत डोकावण्याच्या खटाटोपातून झाली. १९५०च्या दशकात स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची बारीक डबी बसवून जिवंत अस्थिमज्जेतलं रक्ताभिसरण सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. प्रयोग संपला आणि डबी काढायला गेले, तर ती निघेना. हाड तिच्याशी एकजीव झालं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले.

पण स्क्रू बसवायचा तर खाली हाड किती आहे हे कळायला हवं. दातांचा एक्स-रे तेव्हा जुना झाला होता. रॉन्टगेनच्या शोधाची बातमी पसरते न पसरते तोच, जानेवारी १८९६ मध्ये जर्मनीतल्या ओटो वाल्कहॉफ यांनी तोंडात फोटोची काच धरून, २५ मिनिटं न हलता, स्वतःच्याच दातांचा एक्स-रे काढला होता. पुढे फिनलंडच्या इर्यो पातेरो यांच्या कामातून पूर्ण जबडा एका पट्टीत दाखवणारं तंत्र आलं. आपल्याकडे दवाखान्यात ‘ओपीजी काढून आणा’ म्हणतात, ते हेच.

ओपीजीत सगळं थोडं मोठं दिसतं. त्यावर डॉक्टरांचा तोडगा साधा होता: एक्स-रे काढताना ५ मिमीची धातूची गोळी जबड्यावर बसवायची. फिल्मवर ती ६ मिमी भरली, तर तिथे खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेच्या (मज्जातंतूच्या) वर दिसणारं १२ मिमी हाड प्रत्यक्षात १०च. त्यातलं २ मिमी नसेच्या सुरक्षिततेसाठी सोडलं की उरतं ८. हिशेब त्या जागेपुरताच. शेजारच्या दातापाशी प्रमाण बदलू शकतं.

उंचीचं असं निभावलं, रुंदीचं काय? सपाट चित्रात ती नसतेच. खालच्या जबड्याला जिभेच्या बाजूने आत खोलगटपणा असतो. ड्रिल तिथून बाहेर निघालं आणि रक्तवाहिनी फाटली, तर जिभेखाली रक्त साठून श्वासही अडू शकतो. कित्येक वर्षं हा धोका बोटांनी चाचपून आणि अनुभवावर भिस्त ठेवून टाळला जात होता, हे वाचतानाही अंगावर काटा येतो.

१९७१ मध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटीवर पहिला रुग्ण तपासला गेला. १९८०च्या दशकात सॉफ्टवेअरने जबड्याच्या आडव्या छेदांची, म्हणजे रुंदी दाखवणारी, चित्रं मिळू लागली, पण यंत्र मोठ्या रुग्णालयातलं, महाग, आणि किरणांची मात्राही जास्त. कोंडी फुटली ती १९९८च्या सुमारास. इटलीत मोझो आणि सहकाऱ्यांनी, तर जपानमध्ये अराई यांनी शंकूच्या आकाराचा किरणझोत वापरून एकाच फेरीत त्रिमितीय चित्र मिळवलं. हीच सीबीसीटी, म्हणजे कोन-बीम सीटी. अमेरिकेतल्या दंत-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये इम्प्लांटच्या जागेचे छेद पाहण्यासाठी तिलाच पसंती दिली.

गंमत अशी, की इम्प्लांट बसल्यावर तपासणीसाठी बहुतेकदा पुन्हा तोंडात धरायची जुनी छोटी एक्स-रे फिल्मच लागते. सीबीसीटीत टायटॅनियमभोवती काळ्या-पांढऱ्या रेघा उमटतात, आणि नेमकं लगतचं हाड झाकोळतं. १९८६ मध्ये आल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी यशाचा एक निकष मांडला: पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज वर्षाला ०.२ मिमीहून कमी. इतकी बारीक झीज मोजायची, तर किरण इम्प्लांटला काटकोनात पडायला हवेत. स्क्रूचे आटे दोन्ही कडांना सुटे दिसले, की फिल्म नीट आली असं समजतात. मग आट्यांमधलं अंतर ठाऊक असल्याने, हाड कितव्या आट्यापर्यंत उतरलं हे मोजलं की पुरतं. ओठाच्या आणि जिभेच्या बाजूचं हाड मात्र या फिल्मवर अजूनही दिसत नाही.