फोटो मिळाला म्हणजे नाव मिळालं, असं नाही

दात्याचे शुक्राणू घेऊन एकटीनं आई व्हायचं ठरवल्यावर, इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी डेन्मार्कमधल्या शुक्राणू बँकेची साइट मी पहिल्यांदा उघडली, तेव्हा शेजारी आई चष्मा पुसत बसली होती. दात्याच्या पानावर उंची, डोळ्यांचा रंग, शिक्षण, आजीआजोबांचे आजार, तीनेक वर्षांचा असतानाचा फोटो, हस्ताक्षर आणि आवाजातली मुलाखतही होती. डॅनिश हेलातलं त्याचं इंग्रजी आईनं दोनदा ऐकलं. "मुलगा बरा वाटतो गं. पत्रिका तेवढी नाही." मग जरा थांबून म्हणाली, "पुढे बाळानं विचारलं तर याचं नाव कळेल ना?"

नाही कळणार. तो नॉन-आयडी रिलीज दाता होता, म्हणजे कायमचा निनावी, आणि हे मलाही तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं. एवढं वाचल्यावर माणूस ओळखीचा झाला असंच वाटतं, आणि घोटाळा होतो तो तिथंच.

डॅनिश बँकांमध्ये या दोन गोष्टी वेगवेगळ्या निवडायच्या असतात. बेसिक की एक्स्टेंडेड प्रोफाइल, यावर आज तुम्हाला किती वाचायला मिळेल ते ठरतं. आयडी रिलीज की नॉन-आयडी रिलीज, यावर मूल अठरा वर्षांचं झालं की त्याला दात्याची ओळख मागता येईल का, ते ठरतं. एक्स्टेंडेड म्हणजे स्थळाचा बायोडाटा, तोही आईसाठी. आयडी रिलीज म्हणजे बँकेच्या तिजोरीतलं बंद पाकीट. ते मला कधीच मिळणार नाही, मागितलं तरी. मुलानं मागितलं तरच उघडायचं. म्हणून बेसिक प्रोफाइलचा, फोटो नसलेला दाताही आयडी रिलीज असू शकतो, आणि ज्याच्या आजीचा मधुमेहसुद्धा आपल्याला ठाऊक आहे तो कायमचा निनावी असू शकतो.

आयडी रिलीज दात्यासाठी बहुधा जास्त पैसे पडतात. मी आधी फोटोसाठी पैसे मोजायला निघाले होते, हे कबूल करते.

ही निवड नेहमी आपल्या हातात असते असंही नाही, देश बदलला की नियम बदलतो. डेन्मार्कमध्ये दोन्ही प्रकारचे दाते चालतात, आणि २००७ पासून एकट्या बाईवर तिथले डॉक्टर उपचार करू शकतात. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५ नंतर नोंद झालेला दाता निनावी राहू शकत नाही. मुलाला सोळाव्या वर्षी त्याची ढोबळ माहिती मिळते, अठराव्या वर्षी नाव. त्या नियमाखालची पहिली मुलं २०२३ च्या अखेरीस अठराची होऊ लागली. स्वीडननं निनावीपणा १९८५ मध्येच बंद केला. स्पेन नेमकं उलट. २००६ च्या कायद्यानं तिथं दाता निनावी, आणि त्याची निवड डॉक्टरांची टीम करते. फोटो बघत बसायची सोयच नाही. त्यामुळे स्पेनचं कोटेशन आणि डेन्मार्कचं कोटेशन शेजारी ठेवून नुसती रक्कम बघण्यात अर्थ नाही.

"मग इथंच का नाही?" हा मावशीचा प्रश्न, पोह्यांवर शेव भुरभुरताना. रास्त आहे. २०२१ च्या कायद्यानं भारतातही २१ वर्षांवरच्या एकट्या बाईला हे उपचार घेता येतात. बँक दात्याचं नाव, पत्ता, आधार क्रमांक नोंदवून ठेवते, पण ते मुलाला सांगण्याची वाट त्या कायद्यात ठेवलेली नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. इथं एका दात्याचे शुक्राणू एकापेक्षा जास्त जोडप्यांना देता येत नाहीत. डेन्मार्कमध्ये एका दात्याचे शुक्राणू बारा कुटुंबांपर्यंत देता येतात, आणि बाहेरच्या देशांचा हिशेब वेगळा. म्हणजे सावत्र म्हणावीत की काय म्हणावीत, अशी भावंडं कुठे कुठे असणार. त्या आकड्यावर मी बरेच दिवस अडले होते.

आयडी रिलीजमध्ये काय मिळत नाही, तेही ऐका. तो बाप होत नाही, हक्क नाही की पोटगी नाही. अठराव्या वर्षी हाती येतं ते नाव आणि बँकेला ठाऊक असलेला शेवटचा पत्ता. दार उघडायचं की नाही हे त्याच्या मनावर. उलट नॉन-आयडी दात्याचं गुपितही पूर्वीसारखं पक्कं राहिलेलं नाही. घरबसल्या डीएनए तपासणीत त्याचा चुलतभाऊ सापडला, तरी धागा लागतो.

तयारीचं थोडक्यात. गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते एचएसजीत, म्हणजे गर्भाशयात द्रव सोडून काढलेल्या एक्स-रेत कळतं, एएमएचमध्ये नाही; ती बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी. पुष्कळ जणी एएमएच चांगला आला की निर्धास्त होतात. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस या तपासण्या इंदूरलाच होतात, मात्र रिपोर्ट किती जुना चालेल ते क्लिनिकला आधी विचारा. वितळवलेले शुक्राणू शरीरात फार तग धरत नाहीत, म्हणून वेळ नेमकी साधावी लागते. सोनोग्राफी इथं, बीज सुटण्यासाठी घेतलेल्या ट्रिगर इंजेक्शननंतर साधारण ३६ तासांनी बीज सुटणार, आणि इंदूरहून कोपनहेगनला जायचं तर मधे मुंबई किंवा दिल्ली. पाळी व्हिसासाठी थांबत नाही, म्हणून व्हिसा आधी. ऑर्डर देताना स्ट्रॉवर, म्हणजे गोठवलेल्या नमुन्याच्या नळीवर, आययूआय (थेट गर्भाशयात सोडायचा) लिहिलंय की आयसीआय (गर्भाशयाच्या मुखाशी सोडायचा) तेही बघा. आयसीआयचा नमुना न धुतलेला असतो, आययूआयसाठी तो क्लिनिकला धुऊन घ्यावा लागतो. आणि इनव्हॉइसवर आयडी रिलीज हे शब्द छापलेले दिसल्याशिवाय पैसे भरू नका. फोनवरचं "हो हो" धरायचं नाही.

शेवटी मी बेसिक प्रोफाइलचा, आयडी रिलीज दाता घेतला. फोटो नाही, आवाज नाही. आईनं विचारलं, "मग दिसतो कसा?"

"ते आपल्याला नाही कळणार."

ती काही बोलली नाही. माझ्या फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर तिनं पेन्सिलीनं त्याची उंची लिहिली, १८४, डोळे करडे. खाली नाव असं लिहून पुढची ओळ कोरी सोडली.