जुन्या गाडीची ॲल्युमिनियम पट्टी पॉलिशला का दाद देत नाही?

१९५७ च्या शेव्हर्ले बेल एअर या गाडीच्या मागच्या बाजूंना बारीक रेघांचा रुपेरी ॲल्युमिनियम पत्रा बसवलेला असे. त्या काळात अमेरिकी गाड्यांच्या जाळ्या आणि शोभेच्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या होऊ लागल्या होत्या. आज अशा गाड्या जतन करणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते: पट्टी पांढुरकी पडली आहे, भारीतलं पॉलिश घासून हात दुखले, तरी चमक काही येत नाही.

येणार तरी कशी? पॉलिश धातूपर्यंत पोचतच नाही.

उघड्या ॲल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा थर धरतो, जेमतेम २ ते ४ नॅनोमीटर जाडीचा. ऊन-पावसात फिरणाऱ्या गाडीला एवढं कवच पुरत नाही. म्हणून कारखान्यात पट्टी सल्फ्युरिक आम्लाच्या द्रावणात बुडवून तिला विजेचं धन टोक जोडतात. हेच ॲनोडायझिंग. त्यात थर काही मायक्रॉनपर्यंत, म्हणजे हजारपटीच्याही पुढे वाढतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो मधाच्या पोळ्यासारखा छिद्राछिद्रांचा दिसतो; गरम पाण्यात ठेवून ही छिद्रं बंद करतात. ऑक्साइड हा धातूपेक्षा कितीतरी कठीण, त्यामुळे साधं पॉलिश त्याच्यावरून नुसतं घसरत राहतं. शिवाय तो वीजरोधक आहे. मल्टिमीटर (वीज मोजायचं छोटं यंत्र) रोध मोजण्यावर ठेवून त्याच्या दोन्ही पिना पट्टीवर हलक्या टेकवा. काटा हलला नाही तर कवच अजून जागेवर आहे. (वर लॅकर, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर, असेल तरीही काटा हलणार नाही, हे ध्यानात ठेवावं.)

या कवचाचे शत्रू दोन टोकांचे. तीव्र आम्ल त्याला खातं आणि तीव्र अल्कलीही. त्यात थंडीत बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ. त्यातला क्लोराइड कवचाच्या कच्च्या जागांतून आत शिरतो, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतो आणि तिथून पांढरी भुकटी वर येते.

कवच शाबूत असेल आणि चमक थोडीच उतरली असेल, तर साबणाच्या सौम्य पाण्याने पुसून मेण लावावं आणि त्यापुढे पट्टीला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. मूळचं कवच एकदा गेलं की घरी परत आणता येत नाही.

खड्डे पडले असतील, तर मात्र कवच उतरवावंच लागतं. पट्टी गाडीवरून काढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेवतात. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीही नाही. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच. सुरुवातीला फारसं काही घडताना दिसत नाही, कारण ऑक्साइड गुपचूप विरघळत असतो. मग एकदम बुडबुडे उसळू लागतात. तो हायड्रोजन. सोडा आता खुद्द धातू खातोय, असा त्याचा अर्थ. पट्टी त्याच क्षणी बाहेर काढून भरपूर पाण्याने धुवायची. तिच्यावर काळपट साय उरते, ती मिश्रधातूतल्या तांबं, लोखंड, सिलिकॉनची. सोड्यात ती विरघळत नाही.

पुढे ६०० नंबरचा वॉटर पेपर, मग १०००, मग २०००. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे राहिलेत का ते आडवे उठून दिसतात. इथे घाई केली की बफिंगनंतर (फिरत्या कापडी चाकाने चमकवल्यावर) तेच ओरखडे आरशात दिसावेत तसे चकाकतात. स्टील वूल वापरू नये; लोखंडाचे कण मऊ धातूत रुततात आणि तिथून नव्याने गंज धरतो.

चमकलेली पट्टी आता पूर्ण उघडी असते. मेण काही महिने टिकतं, पारदर्शक लॅकर त्याहून जास्त. सर्वांत उत्तम म्हणजे ॲनोडायझिंगच्या कारखान्यातून नवं कवच चढवून घेणं. परत बसवताना पोलादी स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर घालावा. दोन धातू ओल्या जागी एकमेकांना टेकले की झिजतं ते ॲल्युमिनियमच.