खुनी आधी, तपास नंतर: ‘कोलंबो’च्या आकर्षणामागची पार्श्वभूमी

‘कोलंबो’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेचं नाव निघालं की तिच्यातल्या पोलिसाचा चुरगळलेला रेनकोट, विझत आलेली सिगार आणि १९५९ सालची ती खिळखिळी प्यूजो ४०३ मोटार डोळ्यांपुढे येते. मालिका मात्र या खुणांवर उभी नाही. पुढच्या पन्नास वर्षांत विक्षिप्त तपासनीस खंडीभर आले. बहुतेकांनी कोट उचलला आणि सांगाडा तिथेच सोडला. खून कोणी, का आणि कसा केला हे प्रेक्षकाला सुरुवातीलाच दाखवायचं आणि पकडणाऱ्याला उशिरा आत आणायचं, हा तो सांगाडा. तो कुठून आला आणि का टिकला, हे समजलं की रेनकोटाचं कामही नीट समजतं.

या रचनेला ‘उलटी रहस्यकथा’ म्हणायची पद्धत आहे. शब्द सोयीचा आहे, पण घोटाळ्याचाही. घटनाक्रम पाहिला तर इथे काहीच उलटं नाही: आधी बेत, मग खून, मग तपास, मग अटक. प्रेतापासून सुरुवात करून मागे मागे जाते ती नेहमीची रहस्यकथा. इथे बदलतो तो माहितीचा वाटा. नेहमीच्या कथेत तपासनीस प्रेक्षकाच्या एक पाऊल पुढे असतो. इथे पहिला अर्धा तास प्रेक्षक त्याच्या पुढे असतो, आणि तो आपल्याला कधी गाठतो याची वाट पाहणं हीच गंमत. तशीच अडचण ‘गुप्तहेर’ या शब्दाची. कोलंबो ना गुप्त, ना हेर. तो लॉस एंजेलिस पोलिसांच्या खून विभागातला पगारी लेफ्टनंट आहे, आणि दारात उभा राहून आधी हुद्दा सांगतो. अमेरिकी पोलिसांत लेफ्टनंट म्हणजे सार्जंटच्या वरचा, हाताखाली पथक असलेला अधिकारी. असा माणूस प्रत्यक्षात एकटा दारोदार फिरत नाही. मालिकेने हुद्दा ठेवला आणि पथक काढून घेतलं, कारण दोन माणसांमधलं संभाषण तिला हवं होतं.

रचनेचा उगम मालिकेपेक्षा जुना आहे. पेशाने डॉक्टर असलेल्या एका इंग्रज लेखकाने १९१२च्या कथासंग्रहात ती पद्धतशीर वापरली: पूर्वार्धात गुन्हा, उत्तरार्धात उकल. त्याची उकल सूक्ष्मदर्शक आणि प्रयोगशाळा यांच्या बळावर चालते. दुसरा धागा एकोणिसाव्या शतकातल्या रशियन कादंबरीतल्या चौकशी अधिकाऱ्याचा. गुन्हेगाराला बोलत ठेवायचं, मध्येच भलत्याच विषयावर जायचं, त्याच्या अहंकाराला खतपाणी घालायचं, हे सगळं त्याच्याकडे आहे, आणि ‘कोलंबो’च्या निर्मात्यांनी हे ऋण उघडपणे मान्य केलं. सांगाडा पहिल्याचा, जीभ दुसऱ्याची.

हे पात्र पडद्यावर पहिल्यांदा आलं ते १९६०मध्ये, एका तासाच्या दूरचित्रवाणी नाटकात. तेच कथानक १९६२मध्ये रंगभूमीवर गेलं. तिथे नायकाचं वजन खुनी मानसोपचारतज्ज्ञाला होतं आणि पोलीस दुय्यम होता, तरी प्रेक्षकांना पोलीसच भावला. ‘अजून एकच गोष्ट’ म्हणत दारातून परत फिरण्याची सवयही लिखाणाच्या टेबलावरच जन्मली. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकद्वयाने सांगितल्यानुसार एक प्रवेश तोकडा पडला, पोलीस तोवर बाहेर गेलेला होता, आणि पानं पुन्हा टंकण्यापेक्षा त्याला परत आत आणणं सोपं होतं. ही सोय पुढे मालिकेतलं सगळ्यात धारदार हत्यार झाली. माणूस सावध असतो तो प्रश्न चालू असताना. पाहुणा दारापर्यंत गेला की खांदे सैल पडतात, श्वास सुटतो. नेमका त्या क्षणी आलेला प्रश्न तयार उत्तर शोधायला सवड देत नाही.

फेब्रुवारी १९६८मध्ये तेच नाटक दूरचित्रपट झालं आणि भूमिका पीटर फॉक या नटाकडे आली, ज्याच्याशिवाय ती आता डोळ्यांपुढे येत नाही. तिथला कोलंबो अजून नीटनेटका आहे, आवाज चढवतो, आणि अर्ध्या तासाच्या आसपास पहिल्यांदा दिसतो. रेनकोट नटाचा स्वतःचा, न्यूयॉर्कमध्ये पावसात सापडल्यावर घेतलेला. पावसाचं दुर्भिक्ष असलेल्या लॉस एंजेलिसमध्ये तो घालणारा माणूस आपोआप बाहेरचा वाटतो. किलकिलेपणाही अभिनयापुरता नाही: नटाचा उजवा डोळा वयाच्या तिसऱ्या वर्षी काढावा लागला होता आणि जागी काचेचा डोळा होता. मार्च १९७१मध्ये दुसरा नमुना चित्रपट, म्हणजे मालिका चालेल का हे जोखणारा चित्रपट, आला आणि सप्टेंबर १९७१पासून नियमित मालिका सुरू झाली.

वाहिनीला या रचनेची धास्ती होती, आणि व्यवहार पाहता ती चुकीची म्हणता येणार नाही. ज्याच्या नावाने मालिका, तो वीस मिनिटं गायब. सोबतीला तरुण सहकारी नाही, घर नाही, गोळीबार नाही. जोडीदार द्या या आग्रहातून अखेर १९७२मध्ये एक सुस्त बॅसेट हाउंड कुत्रा आला, ज्याला नावही मिळालं नाही. तरीही मालिका तगली याचं एक कारण वेळापत्रकात होतं. ती दर आठवड्याला नव्हती. एकाच वेळेवर तीन मालिका आळीपाळीने चालत. त्यामुळे पहिल्या वर्षी फक्त सात भाग करायचे होते. असं कथानक महिन्याला चार या वेगाने लिहिता येत नाही.

दीड तासाच्या जागेतून जाहिराती वजा केल्या की साधारण पंचाहत्तर मिनिटं हाती राहतात. त्यातली पहिली पंधरा ते वीस खुन्याची. या भागात एकही तपशील वाया जाता कामा नये, कारण पुढे प्रत्येक तपशिलावर बोट ठेवलं जाणार असतं: कोणता दिवा चालू राहिला, कोणत्या हाताने फोन उचलला. पुढच्या पन्नासेक मिनिटांत पाच-सहा भेटी. प्रत्येक भेटीत कोलंबो एक क्षुल्लक विसंगती घेऊन येतो, खुनी तिचं स्पष्टीकरण देतो, आणि ते स्पष्टीकरण आता त्याचा जबाब होऊन बसतं. पुढच्या भेटीत त्याला त्या जबाबाशी सुसंगत राहावं लागतं. पुरावा सापडण्याआधीच खुनी स्वतःभोवती कुंपण घालत जातो.

पहिला संशय बहुधा वागण्यातून येतो. १९६८च्या चित्रपटात प्रवासाहून परतलेला नवरा घरात शिरताना बायकोला हाक मारत नाही. ती उत्तर देणार नाही हे त्याला माहीत असतं. नियमित मालिकेच्या पहिल्या भागात घराच्या हिरवळीवर मित्राचं प्रेत सापडतं, खुनी लेखक पोलिसांना फोन करतो आणि मग आपली टपाल फोडून पाहतो. दोन्हीकडे चूक एकच: जे माहीत नसायला हवं ते माहीत असल्यासारखं वागणं. प्रेक्षकाने ही चूक डोळ्यांसमोर पाहिलेली असते आणि तिच्यावरून नजर घसरलेली असते. चाहत्यांचा जुना वाद इथेच आहे: कोलंबोला पहिल्याच भेटीत कळतं की हळूहळू? संहिता पाहिल्या तर संशय पहिल्या भेटीतला आणि खात्री नंतरची, असंच बहुतेक भागांत दिसतं. गबाळेपणाचं कामही तेवढंच. समोरचा नामांकित शल्यविशारद, वाद्यवृंदाचा संचालक किंवा बुद्धिबळपटू या माणसाला मोजत नाही, म्हणून त्याला शिकवायला बसतो. स्पष्टीकरणं त्यातूनच मिळतात.

सगळ्यात मोठा वाद आहे शेवटच्या सापळ्याचा, आणि तो अजून मिटलेला नाही. आक्षेप असा की या अटका न्यायालयात टिकणार नाहीत. आक्षेप घेणारे सगळे सापळे एका टोपलीत टाकतात, तिथेच चूक होते. सापळे निदान तीन जातींचे आहेत.

पहिली जात पक्की. १९७४च्या एका भागात छायाचित्रकार खुनी आहे. मोठी प्रत काढताना गुन्ह्याशी जोडलेला फोटो उलटा छापला गेला, म्हणून त्यातल्या घड्याळाची वेळ तुझ्याविरुद्ध जाते, असं कोलंबो त्याला सांगतो; मूळ प्रत नष्ट झाल्याचंही सांगतो. मूळ निगेटिव्ह कॅमेऱ्यात आहे हे दाखवायला खुनी फळीवर मांडलेल्या अनेक कॅमेऱ्यांतून नेमका एक उचलतो. तो कॅमेरा कोणता हे फक्त गुन्हेगारालाच ठाऊक असू शकतं. इथे कबुलीजबाबाची गरजच नाही; साक्षीदार हजर आहेत आणि कृती घडलेली आहे.

दुसरी जात मनाची. १९७३मधला वाइननिर्माता भावाला तळघरात कोंडतो आणि तिथली वातानुकूलन यंत्रणा बंद करतो. उष्णतेच्या लाटेत साठाही बिघडतो. पुढे जेवणाच्या टेबलावर त्याच तळघरातली बाटली त्याच्या नकळत येते आणि ही खराब झालीय असं तोच सांगतो, कारण तेवढी जाण असलेली जीभ त्याचीच. वकिलाने उलटतपासणीत याला भोकं पाडली असती. पण कथा म्हणून याहून सुंदर शेवट मालिकेत थोडे: ज्या गुणाचा अभिमान, त्यानेच पकडून दिलं.

तिसरी जात खरोखर अडचणीची. १९७२च्या लंडनमधल्या भागात कोलंबो स्वतःच एक मोती छत्रीत टाकतो आणि तो तिथे सापडल्याचं दाखवतो. संशयिताला खोटं सांगणं अमेरिकी कायदा बऱ्याच अंशी चालवून घेतो. खोटा पुरावा ठेवणं ही वेगळी गोष्ट, आणि ती इंग्लंडच्या भूमीवर घडते म्हणून हलकी होत नाही. या भागाचं समर्थन करता येत नाही. पण एका मोत्यावरून सगळी मालिका नापास करणं हाही अन्यायच.

इथे एक कायदेशीर बाब क्वचित लक्षात घेतली जाते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६मध्ये ठरवलं की ताब्यात घेतलेल्या माणसाची चौकशी करण्याआधी त्याला गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क सांगितलाच पाहिजे. चित्रपट आला तो त्यानंतर दोन वर्षांनी. कोलंबो कोणालाही ताब्यात घेत नाही. तो खुन्याच्या घरी, कचेरीत, बागेत जातो. खुनी कधीही त्याला निघून जायला सांगू शकतो. म्हणून हक्क वाचून दाखवण्याची वेळ शेवटपर्यंत येत नाही आणि मधली सगळी बोलणी स्वेच्छेची ठरतात. दार उघडं असूनही खुनी बोलत राहतो, हा ताण चौकशीच्या बंद खोलीत कधीच निर्माण झाला नसता.

रचना कुठे मोडते तेही मालिकेनेच दाखवून दिलं. दोन तासांची जागा मिळाली की जाहिराती वजा जाता पंचाण्णवच्या आसपास मिनिटं भरावी लागतात. १९७२मधल्या वाद्यवृंद संचालकाच्या भागात लांबी वाढवायला जादा दृश्यं घेतली गेली आणि ती जाणवतात. भेटींची संख्या वाढते पण प्रत्येक भेटीत नवी विसंगती नसते. मग कोलंबोचा गबाळेपणा हत्यार न राहता करमणुकीचा कार्यक्रम होतो. १९७६च्या एका भागात खुनी लपवून नेहमीची कोडेकथा करून पाहिली, आणि कोलंबो अचानक कोणत्याही इतर पोलिसासारखा दिसायला लागला.

१९७८मध्ये पहिलं पर्व संपलं. दोन्ही नमुना चित्रपट धरून ४५ भाग. १९७९मध्ये वाहिनीने, मूळ लेखकद्वयाला बाजूला ठेवून, कोलंबोच्या बायकोची मालिका काढली. कोलंबो जिचं सतत नाव घेतो आणि जी कधीच दिसत नाही, ती बायको समोर आणण्याचा हा निर्णय चुकीचाच होता. ती न दिसण्यातच तिचा उपयोग होता: ती खरी आहे की थाप, हे खुन्यालाही कळत नाही. मालिकेचं नाव वारंवार बदललं, कोलंबोशी नातं तोडलं गेलं, आणि १३ भागांत ती आटोपली.

१९८९मध्ये दुसऱ्या वाहिनीवर कोलंबो परतला. २००३पर्यंत २४ भाग झाले, एकूण ६९. सगळे दोन तासांच्या जागेचे, म्हणजे जुनी अडचण कायमची झाली. १९९२ आणि १९९४चे दोन भाग दुसऱ्याच एका पोलीस कादंबरीमालिकेतून घेतले होते. पहिल्यात खूनच नाही, अपहरण आहे. दुसऱ्यात कोलंबो वेषांतर करून फिरतो. नट तोच, कोट तोच, पण खुन्याशी होणारी समोरासमोरची भेट गेली की आकर्षणही जातं.

सांगाडा ज्यांनी उचलला त्यांचं चांगलं चाललं. १९९४ला सुरू झालेल्या जपानी मालिकेतला पोलीस उकल करण्याआधी थेट प्रेक्षकाकडे वळून बोलतो: खुनी तुम्हाला माहीतच आहे, कुठे चुकला ते सापडलं का? २०१०च्या ब्रिटिश मालिकेने खुनी आधी दाखवला पण तपासनीसाला संतापी केलं. २०२४पासून न्यूयॉर्कमध्ये घडणाऱ्या मालिकेत पोलिसांवर देखरेख ठेवणारी वकीलबाई तेच काम करते. २०२३च्या अमेरिकी मालिकेने तर शीर्षकांची पिवळी अक्षरंसुद्धा जुन्या वळणाची घेतली. नायकाचा उशिरा प्रवेश तिने वेगळ्या रीतीने सोडवला: खून दाखवून झाला की काळ मागे जातो आणि नायिका आधीपासूनच आसपास होती हे कळतं. समोरचा खोटं बोलला की तिला लगेच कळतं, पण ती पोलीस नाही, तिला अटकेचा अधिकार नाही आणि न्यायालयात सांगण्यासारखं हाती काही नाही. त्यामुळे खुन्याला शासन कसं होणार, याची सोय लेखकांना दर भागात नव्याने लावावी लागते.