मिन्याच्या डिझाइनची नोंदणी: फोटो टाकण्याआधी अर्ज

पुण्याच्या तांबट आळीतून ठोकून आणलेली तांब्याची थाळी, तिच्यावर स्वतः रेखलेली वेल, वेलीत भरलेला निळा-हिरवा मिना, म्हणजे भाजून बसवलेला काचेच्या पुडीचा रंगीत थर. थाळी भट्टीतून निघून निवली, की आपला पहिला हात मोबाइलकडे जातो. फोटो टाकला की नोंदणीचा हक्क तिथेच धोक्यात येतो. डिझाइन कायदा, 2000 नुसार अर्जाच्या तारखेपूर्वी नक्षी भारतात किंवा परदेशात कुठेही प्रसिद्ध झालेली असेल, तर ती नवी धरली जात नाही. ती आपणच प्रसिद्ध केली असली तरीही!

दिवाळीआधी सोसायटीच्या हॉलमध्ये भरणाऱ्या प्रदर्शनालाही हेच लागू. प्रदर्शनाची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरतीच. त्यातही डिझाइन नोंदवणाऱ्या पेटंट कार्यालयाला आधी सूचना द्यावी लागते आणि मांडल्यापासून 6 महिन्यांत अर्ज करावा लागतो.

नोंदणी मिळते ती डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाला: आकार, नक्षी, रेषा आणि रंगांची मांडणी. मिना किती अंशांवर भाजला, काचेची पूड कशी चाळली, मागच्या बाजूला थर का दिला, यातले काहीही इथे येत नाही. कोयरी किंवा मोर यांच्यावरही कुणाची मालकी नाही. मात्र त्यांची तुमची मांडणी आधीच्या नक्षींहून ठळक वेगळी हवी. आणि ‘हे तर हातकाम, कारखान्यातले नव्हे’ असे समजून मागे राहू नका. कायद्याच्या व्याख्येत हाताने केलेली प्रक्रियाही धरलेली आहे.

भिंतीवर लावायचा एकच फलक करणार असाल तर तो कलाकृती ठरू शकतो आणि त्यावर नोंदणीशिवायही कॉपीराइट असतो. पण नोंदणीजोगे डिझाइन नोंदवले नाही आणि त्याच्या वस्तू 50 पेक्षा जास्त निघाल्या, तर त्यावरचा कॉपीराइट संपतो. म्हणून माझा हिशेब सोपा आहे: दुकानाची ऑर्डर घ्यायची असेल तर आधी नोंदणी.

अर्ज कुणी करायचा, यावरून भांडणे होतात. मोबदला घेऊन तुम्ही दुसऱ्यासाठी डिझाइन केले असेल, तर कायद्याने मालक तो दुसरा. लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या दुकानदाराने पैसे देऊन समईची नक्षी काढून घेतली, तर अर्जाचा हक्क त्याचा. हक्क स्वतःकडे ठेवायचा असेल तर काम हाती घेण्याआधीच तसे कागदावर लिहून घ्या. पुण्यात हे तोंडी ठरवायची सवय फार.

डिझाइनचे कामकाज कोलकात्याच्या पेटंट कार्यालयात चालते, पण त्यासाठी प्रवासाची गरज नाही. अर्ज ऑनलाइन होतो. फॉर्म 1 भरायचा. त्यात अर्जदाराचे नाव, पत्ता, राष्ट्रीयत्व, वस्तूचे नाव आणि लोकार्नो वर्ग (डिझाइनच्या वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीतला क्रमांक) येतो. फुलदाणी, टेबलावरची आणि भिंतीवरची शोभेची वस्तू वर्ग 11-02 मध्ये, ताट-वाट्यांसारखी भांडी वर्ग 7 मध्ये, दिवे वर्ग 26 मध्ये. एकत्र विकल्या जाणाऱ्या वाट्यांवर एकच नक्षी असेल तर त्यांचा संच म्हणून एक अर्ज चालतो.

खरी मेहनत चित्रांवर आहे. समोरून, मागून, वरून, खालून, दोन्ही बाजूंनी आणि तिरक्या कोनातून अशी दृश्ये द्या. त्यांत मापे लिहू नका. मिन्याची चकाकी फोटोत पांढरा डाग होऊन नक्षी खाते, म्हणून फ्लॅश नको. गॅलरीतला सकाळचा उजेड पुरतो. सोबत नावीन्याचे एक वाक्य लागते: नवेपण आकारात आहे, नक्षीत आहे की रंगांच्या मांडणीत. ते घाईत लिहू नका, पुढे दावा लढवायची वेळ आली तर याच वाक्यावर बोट ठेवले जाते.

वैयक्तिक अर्जदाराला शुल्क 1,000 रुपये. लघुउद्योग म्हणूनही शुल्क तेवढेच, पण तेव्हा फॉर्म 24 आणि उद्यम नोंदणीचा पुरावा जोडावा लागतो. मोठ्या कंपनीला 4,000. एजंट नेमलात तर मुखत्यारपत्र.

परीक्षकाने त्रुटी काढल्या तर अर्जाच्या तारखेपासून 6 महिन्यांत त्या दूर करायच्या. मुदतवाढ मिळते ती जास्तीत जास्त 3 महिन्यांची. त्यामुळे अर्जात दिलेला ईमेल रोज उघडा.

नोंदणी 10 वर्षांची, पुढे 5 वर्षे वाढवता येते. त्यासाठी 10 वर्षे संपण्याआधी फॉर्म 3 भरावा लागतो.

प्रमाणपत्र आल्यावर वस्तूवर ‘रजिस्टर्ड’ आणि नोंदणी क्रमांक उमटवा. ते नसेल तर नुकसानभरपाई मागताना अडचण येते. मिन्याखाली ठसा बुजून जातो, तेव्हा तांबे उघडे राहणाऱ्या बुडाच्या कडेवर तो भाजण्याआधीच ठोकून घ्या.