फिटनेस बँड आणि ॲक्टिग्राफ: मनगट एकच, कामं दोन

एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) असलेल्या मुलाच्या मनगटाला आठवडा-दोन आठवडे ॲक्टिग्राफ, म्हणजे हालचालीवरून झोपेचा अंदाज घेणारं घड्याळासारखं यंत्र, बांधायला डॉक्टरांनी सांगितलं, की पालक हमखास विचारतात, ‘घरात स्मार्टवॉच आहे, ते नाही का चालणार?’

प्रश्न रास्त आहे. दोन्हींमध्ये ॲक्सेलरोमीटर असतो आणि तो मनगटाची हालचाल टिपतो. झोप थेट कुणीच मोजत नाही. त्यासाठी डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी नोंदवणारी पॉलिसोम्नोग्राफी करावी लागते.

फरक पडतो तो नोंद झाल्यानंतर. ॲक्टिग्राफ ठरावीक अंतराने, बहुधा दर मिनिटाला किंवा ३० सेकंदांना, हालचालीचा आकडा साठवतो. त्यावरून झोप ठरवायची सूत्रं छापून आलेली आहेत: कोल-क्रिपकी यांचं १९९२चं, सादे यांचं १९९४चं. ती कुणालाही तपासता येतात. बँडचं सूत्र कंपनीकडे असतं आणि एखाद्या अपडेटमध्ये ते बदलूही शकतं. औषध सुरू करण्याआधीची आणि नंतरची झोप ताडून पाहायची असेल, तर मधेच मोजपट्टी बदललेली चालत नाही. बँड हिरव्या प्रकाशाने नाडीही बघतो आणि ‘गाढ झोप’, ‘रेम’ (स्वप्नांची झोप) असे रंगीत पट्टे दाखवतो. ते अंदाज आहेत. मुलाच्या बाबतीत त्यांवरून काहीही ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

या मुलांच्या बाबतीत खरी गोम पुढे आहे. समजा, दिवा १० वाजता बंद झाला. मूल पंख्याकडे बघत तासभर निपचित पडलंय, डोक्यात विचारांची गर्दी. हालचाल नाही, म्हणून यंत्र लिहितं: झोपला. उलट, गाढ झोपेतही हातपाय झाडणाऱ्या मुलाला ते जागं ठरवतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी १९८३मध्ये अतिचंचल मुलग्यांच्या अंगावर नोंदयंत्रं बांधून पाहिलं, तेव्हा ते इतर मुलग्यांपेक्षा झोपेतसुद्धा जास्त हलताना आढळले. ही चूक ॲक्टिग्राफकडूनही होते. पण त्याच्यासोबत झोपेची वही लिहायची असते आणि अनेक यंत्रांना दिवा बंद करताना दाबायचं बटण असतं. ‘१० ला दिवा बंद, ११ ला पाणी मागितलं’ ही वहीतली ओळ आलेखाशेजारी ठेवली, की झोप लागायला झालेला उशीर डॉक्टरांच्या लक्षात येतो. एडीएचडीवरचं मिथिलफेनिडेट हे औषध घेणाऱ्या मुलांमध्ये हा उशीर विशेष पाहावा लागतो. औषधाची वेळ किंवा मात्रा त्यावरून बदलावी लागू शकते.

बँडची एक बाजू मात्र जमेची. मुलाने तो काढून टेबलावर ठेवला तर नाडी मिळत नाही, म्हणून बहुतेक बँडना ते कळतं. साध्या ॲक्टिग्राफला ती शांत झोप वाटू शकते.

मुलाचं घोरणं, झोपेत श्वास अडकणं यांच्या निदानासाठी दोघांवरही विसंबता येत नाही आणि एडीएचडीचं निदानही दोघं करत नाहीत. लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसतात का, हे डॉक्टर बोलून, विचारून ठरवतात.

ॲक्टिग्राफ मिळत नसेल, तर बँड आणि वही ही जोडी डॉक्टरांकडे जरूर न्या. बँड ज्या हाताने मूल लिहीत नाही त्याच हाताला रोज बांधा, सुट्टीच्या रात्रीही सोडू नका, आणि झोपण्या-उठण्याच्या वेळाच तेवढ्या बघा. झोपेचा स्कोअर मात्र मुलाला वाचून दाखवू नका; दिवसभर बोलणी खाणाऱ्या पोराला रात्रीचेही गुण कशाला?